ब्रेकचा जाम झालेला बोल्ट: बोल्ट गेला तरी चालेल, आटे राहिले पाहिजेत

प्रश्न थोडक्यात असा: १९९८ ची मारुती ८००, कोल्हापुरात नदीकाठच्या वस्तीत बरेच दिवस उभी होती. पुढचं डावं चाक ब्रेक धरून ठेवतंय, डिस्कही झिजून तिच्या कडेला काठ आलाय. कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) ब्रॅकेट नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या ओतीव तुकड्याला) धरणाऱ्या दोन बोल्टांपैकी वरचा निघाला, खालचा हलत नाही. बारा कोनी रिंग पान्याने जोर लावल्यावर पाना सटकला आणि डोक्याचे कोपरे गोल झाले. ब्लीडर निपलही (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू) जागचं हलेना. गॅरेजवाल्याने नकल आणि कॅलिपर दोन्ही बदलायला सांगितलंय. ते खरंच लागेल का, आणि नाही तर बोल्ट काढायचा कसा?

नकल बदलायची वेळ क्वचितच येते. आधी हिशेब पक्का करा. बोल्ट किरकोळ पैशांचा आहे, महाग आहेत ते नकलमधले आटे. तेव्हा बोल्ट वाचवायच्या भानगडीत पडू नका. तो कापा, जाळा, त्याचा चुरा करा, पण भोकातले आटे शाबूत राहिले पाहिजेत. बरीच माणसं नेमकं उलटं करतात. बोल्टचं डोकं जपत जपत जोर लावतात, बोल्ट आत मोडतो, मग घाईत हातातल्या ड्रिलने वाकडं भोक पाडतात. नकल बाद होते ती तिथे. गंजाने बाद झालेली नकल फार कमी दिसते.

नुसते पॅड बदलायचे असते तर हे बोल्ट खोलायची गरजच नव्हती. गाइड पिनचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला की पॅड निघतात. तुमच्या डिस्कला काठ आलाय, ती बदलायची किंवा लेथवर लावायची म्हणजे ब्रॅकेट काढावाच लागणार. ते ठीक. पण मागे लागण्याआधी हे एकदा तपासायची सवय बरी.

बोल्ट का धरतो

गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आट्यांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते, तिथे गंजाची पूड तयार झाली की बोल्ट पाचर मारल्यागत घट्ट होतो. कोल्हापुरात याला आणखी दोन कारणं जोडली जातात. एक, पुराचं पाणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ज्या गाड्या पंचगंगेच्या पाण्यात राहिल्या, त्यांच्या आट्यांत नुसता गंज नाही, बारीक गाळही बसलाय. गाळ ओलावा धरून ठेवतो आणि बोल्ट फिरवताना आट्यांना घासतो. दुसरं, गळीत हंगामात रस्त्यावर पडणारा उसाच्या शेतातला चिखल. काळी माती नकलच्या मागच्या खोबणीत, म्हणजे बरोबर खालच्या बोल्टच्या टोकाशी, जाऊन बसते. त्यामुळे वरचा बोल्ट निघतो आणि खालचा धरतो. ही तक्रार सर्रास असते.

आणखी एक गोष्ट. बोल्ट आवळताना लावलेल्या जोरातला साधारण निम्मा जोर डोक्याखालच्या बैठकीच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेल्या थोड्या जोराने बोल्ट ताणला जातो. म्हणजे तुमचं भांडण फक्त आट्यांशी नाही, डोक्याखालच्या गंजाशीही तितकंच आहे. पंचाने डोक्यावर मारलेल्या चार ठोक्यांनी जे काम होतं ते अर्धा डबा स्प्रे ओतून होत नाही, त्याचं कारण हे.

हात घालण्याआधी

गाडी जॅकवर ठेवून खाली झोपू नका. जाम बोल्टला लांब टॉमी (पान्याचा दांडा) लावल्यावर अख्खी गाडी हलते. चासीखाली भक्कम घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे, आणि काढलेलं चाक उंबऱ्याखाली आडवं सरकवून ठेवायचं. टॉमी शक्यतो ओढायची, ढकलायची नाही. ढकलताना पाना सटकला तर बोटांची हाडं फेंडरवर आपटतात.

जुन्या पॅड आणि लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. कॉम्प्रेसरची हवा मारून ती उडवू नका. साबणाच्या पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. ब्रेक क्लीनर वापरणार असाल तर डब्यावर क्लोरीन असलेलं द्रावण लिहिलंय का ते बघा. तसलं द्रावण मारलेल्या भागावर टॉर्च किंवा वेल्डिंग चालवलं की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. तापवायचं काम असेल त्या दिवशी तो डबा गाडीपासून लांब ठेवलेला बरा.

आता दिशा. हसू येईल, पण बोल्ट सुटत नाही म्हणून येणाऱ्यांतले काही जण बोल्ट आवळत असतात. ब्रॅकेटचे बोल्ट आतल्या बाजूने, इंजिनकडून बाहेर घुसतात. तुम्ही चाकाच्या बाजूला बसून हात मागे घालता तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. डोक्याच्या समोर तोंड करून बघितल्यावर घड्याळाच्या उलट्या दिशेने सुटतो. खडूने नकलवर बाण काढून ठेवा. (काही जुन्या जीप आणि ट्रकच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. मारुतीत तो प्रकार नाही.)

कोपरे जाण्याआधी काय करायला हवं होतं

दुसऱ्या बाजूच्या चाकासाठी तरी हे कामी येईल, म्हणून नीट सांगतो.

आधी तारेच्या ब्रशने डोकं आणि बोल्टचं पलीकडे निघालेलं टोक, दोन्ही चकचकीत करायचं. नकलच्या पलीकडून बोल्टचे दोन-तीन आटे बाहेर दिसतात, त्यांवर गंजाची खपली असते. ती तशीच ठेवून बोल्ट फिरवलात तर ती अख्खी खपली नकलच्या आट्यांतून ओढली जाते. अर्धा बोल्ट सहज निघून मधेच परत जाम होतो तो या खपलीमुळे.

मग गंज सोडवणारा स्प्रे. डब्ल्यूडी-४० चा साधा डबा मुळात ओलावा हटवायला आहे, चालतो, पण खास पेनिट्रेटिंग ऑइल मिळालं तर ते जास्त आत शिरतं. गॅरेजमधला जुना जुगाड म्हणजे ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं एटीएफ ऑइल समप्रमाणात. चांगला चालतो, मात्र दोन्ही नीट मिसळून राहत नाहीत, दर वेळी हलवून घ्यावं लागतं, आणि ॲसिटोन भडकतं. त्यामुळे त्याच दिवशी टॉर्च वापरायचा विचार असेल तर हा जुगाड सोडा. नुसतं डिझेल ओतून फारसं काही होत नाही. यातलं काहीही डिस्क, पॅड किंवा रबरावर पडता कामा नये. ब्रेकची रबरं ब्रेक ऑइलसाठी बनलेली असतात, खनिज तेल लागलं की फुगतात. डिस्कवर पिशवी बांधा.

स्प्रे डोक्याखालच्या फटीत आणि मागच्या टोकाला मारा. मग जाड पंच डोक्याच्या मधोमध ठेवून एक किलोच्या हातोडीने दहा-बारा खणखणीत ठोके. पुन्हा स्प्रे. रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा ठोके. ठोक्यांनी गंजाच्या थराला तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल आत जातं. ठोके न मारता नुसतं आठवडाभर भिजत ठेवण्यात अर्थ नाही.

पाना सहा कोनीच. बारा कोनी गोटी (सॉकेट) किंवा रिंग फक्त कोपऱ्याच्या टोकाला धरते, सहा कोनी गोटी बाजूच्या सपाट भागावर जोर देते. गोटीच्या तोंडाला आत उतार असेल आणि बोल्टचं डोकं पातळ असेल तर पकड आणखी कमी होते. अशा वेळी गोटीचं तोंड ग्राइंडरवर सपाट करून घेतात. एक स्वस्त गोटी त्यासाठी बाजूला ठेवा. मारुतीसारख्या जपानी वळणाच्या गाड्यांत १४ चं डोकं म्हणजे बोल्ट एम१० (१० मिमी जाडीचा), १७ चं डोकं म्हणजे एम१२, आटे बहुतेक १.२५ मिमी अंतराचे. जुन्या महिंद्रा जीपला हात घालत असाल तर तिथे इंची पाने लागतात. मिलिमीटरचा पाना 'जवळपास बसतो' म्हणून लावलात की कोपरे गेलेच.

जोराचा हिशेब करा. दोन फुटी टॉमीच्या टोकाला ५० किलोचा भार टाकला की बोल्टवर ३०० न्यूटन-मीटर येतात. एम१० चा ८.८ दर्जाचा (डोक्यावर ताकदीचा हा आकडा असलेला) बोल्ट शंभराच्या आतबाहेर पिळून तुटू शकतो. म्हणजे टॉमीला वर पाइप घालून दोघांनी लटकणं म्हणजे बोल्ट मोडायचा कार्यक्रम. दणका द्यायचाच तर छोटा आणि झटक्याचा: टॉमीवर हाताच्या तळव्याने धक्के, किंवा इम्पॅक्ट गन असेल तर दोन-तीन सेकंदांचे तुकडे, आधी आवळायच्या दिशेने आणि मग सोडायच्या. आवळायच्या दिशेने केसभर हलला तरी गंजाचा थर फुटतो.

इथे हाताला काय कळतं ते महत्त्वाचं. बोल्ट कर्रर्र किंवा टक् असा आवाज करून एकदम हलला तर चांगलं, गंज सुटला. आवाज न करता, रबर पिळल्यासारखा मऊ मऊ फिरतोय आणि जोर वाढत नाहीये, तर लगेच थांबा. तो सुटत नाहीये, मान पिळवटली जातेय. अजून पाव फेरा आणि डोकं हातात येईल. डोक्यावर आणि नकलवर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढलेली असेल, आणि टोकालाही एक खूण, तर डोकं फिरलं पण टोक फिरलं नाही हे डोळ्यांनाही दिसतं.

सुटायला लागला की एका दमात बाहेर काढू नका. अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, स्प्रे. जड वाटलं की मागे. असा निघालेला बोल्ट भोकातले आटे साफ करतच येतो.

गोल झालेलं डोकं: तुमचा बोल्ट

आता तुमच्या बोल्टकडे. कोपरे किती गेलेत त्यावर सगळं आहे. थोडेच गेले असतील तर एक लहान मापाची सहा कोनी गोटी हातोडीने ठोकून बसवा: १७ च्या डोक्यावर १६ ची, किंवा इंची ५/८, जी १६ पेक्षा जराशीच लहान असते. उलट्या वळणाच्या दातांच्या, बोल्ट काढायच्या गोट्याही मिळतात. त्या जितका जोर लावाल तितक्या डोक्यात रुततात. व्हाइस ग्रिपच्या नादाला जाम बोल्टवर लागू नका, उरलेले कोपरेही जातील.

गोटी बसवण्याआधी तापवा. आणि तापवायची नकल, बोल्ट नाही. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन फुगतं. १२ मिमीच्या भोकाभोवतीची धातू २०० अंशांनी जास्त तापली तर भोक साधारण ०.०३ मिमीने मोठं होतं. ऐकायला नगण्य, पण गंजाची पाचर फोडायला पुरेसं. गॅस टॉर्चची ज्योत बोल्टच्या भोवतीच्या नकलच्या कानावर गोल फिरवत ठेवा, डोक्यावर रोखू नका. नकल निळी पडायला लागली, म्हणजे ३०० अंशांच्या आसपास, की बस. लाल करायची गरज नाही आणि ओतीव भागाला ते बरंही नाही.

त्याआधी आजूबाजूला काय आहे ते बघा. खाली बॉल जॉइंटचं रबर, आत ॲक्सलचा रबरी बूट, वर ब्रेकचा रबरी होज, मधे बेअरिंगचं ग्रीस. होज आणि कॅलिपर तारेने बांधून बाजूला घ्या. ते शक्य नसेल तर ओलं गोणपाट लावा. ब्रेक ऑइल सांडलेलं असेल तर आधी पाण्याने धुऊन वाळवा, तापल्या धातूवर तेही पेटतं. पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी हवा.

तापलेल्या बोल्टच्या कडेला मेणबत्ती टेकवा. मेण वितळून केसाएवढ्या फटीतून आत ओढलं जातं आणि आट्यांना वंगण मिळतं. तापलेल्या भागावर स्प्रे मारू नका, धूर आणि ज्वाळा दोन्ही मिळतील. थंड झाल्यावर मारा. तापवणं, मेण, ठोके, निवू देणं, असं दोन-तीनदा झाल्यावर गोटी लावा. बोल्ट तापून लाल झालाच असेल तर त्यावर पाणी ओतू नका. ८.८ किंवा १०.९ दर्जाच्या बोल्टचं पोलाद लाल असताना पाण्यात विझवलं की कडक होतं, आणि नंतर ड्रिल करायची वेळ आली तर बिट नुसतं घसरत राहतं.

डोकं पार गोल झालं असेल तर मी तरी गोट्यांशी खेळत बसत नाही, सरळ नट वेल्ड करतो. बोल्टपेक्षा एक माप मोठा, बिना मुलाम्याचा साधा नट डोक्यावर धरायचा आणि नटाच्या भोकातून आत वेल्ड भरायचं. गॅल्व्हनाइज्ड नट नको, त्याच्या जस्ताचा धूर आजारी पाडतो. २.५ मिमीची कांडी, ८०-९० अँपिअर. बोल्ट हाय टेन्साइल असल्यामुळे कमी हायड्रोजनची, ७०१८ ची कोरडी कांडी असेल तर वेल्ड तडकत नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि अर्थचा चिमटा नकललाच लावा. तो चासीला लावलात तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर डाग पडतात. वेल्डची लाली जाईपर्यंत थांबा, मेण लावा, मग आधी केसभर आवळा आणि सोडा. वेल्डने दोन कामं एकदम होतात, पकड मिळते आणि बोल्ट आतून तापून आकसतो, म्हणून बाकी सगळं करून दमलेला बोल्ट यात निघतो. पहिला नट तुटून आला तर निराश होऊ नका, दुसरा लावा. तिसऱ्यालाही तेच झालं तर पुढचा रस्ता धरा.

डोकं तुटलंच तर

डोकं तुटलं म्हणजे सगळं संपलं असं नाही, उलट डोक्याखालचं घर्षण संपलं. ब्रॅकेट सरकवून काढता येतो आणि बोल्टचा दांडा बाहेर राहतो. त्यावर नट वेल्ड करा, किंवा दोन सपाट बाजू कानशीने घासून पाना लावा. बहुतेक वेळा तो आता निघतो.

नकलच्या तोंडाशी सपाट तुटला तर मात्र कोल्हापुरात राहण्याचा फायदा घ्या. गाडीखाली झोपून हातातल्या ड्रिलने भोक सरळ पडत नाही. नकल खोला आणि उद्यमनगरात, नाहीतर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एखाद्या मशीन शॉपमध्ये न्या. मिलिंग मशीनवर किंवा पिलर ड्रिलवर बांधून, मध्य काढून ड्रिल केलं की भोक बरोबर बोल्टच्या मधोमध पडतं. घरी आणि गाडीवरच करायचं ठरवलंत तर तुटलेला पृष्ठभाग आधी कानशीने सपाट करा, मध्यावर पंचाची खोल खूण, मग ३ मिमी, ५ मिमी असे वाढत जा. वेग कमी, दाब जास्त, कटिंग ऑइल सतत. १०.९ च्या बोल्टला साधं एचएसएस बिट लवकर बोथट होतं, कोबाल्टचं घ्या. डाव्या वळणाचं ड्रिल मिळालं तर तेच वापरा. बऱ्याचदा भोक पाडतानाच बोल्ट फिरून बाहेर येतो.

शेवटचं ड्रिल कुठे थांबवायचं ते आट्यांवर ठरतं. एम१० ला १.२५ चे आटे असतील तर ८.८ मिमी, १.५ चे असतील तर ८.५. एम१२ ला १.२५ साठी १०.८. त्याआधी अर्धा मिमी थांबा. उरलेली बोल्टची पातळ नळी अणकुचीदार पंचाने आत दुमडून पकडीने ओढता येते. मग त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) तेल लावून, अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे.

इझी-आउटबद्दल माझं मत वाईट आहे. तो उलट्या वळणाचा शंकू भोकात ठोकून फिरवायचा असतो. पण जो बोल्ट पूर्ण डोक्याने फिरला नाही तो त्याच्या मधल्या बारीक काडीने का फिरावा? शिवाय ठोकताना तो बोल्टच्या भिंती बाहेर ढकलतो, म्हणजे आटे आणखी घट्ट. आणि आत मोडला तर तो इतका कडक असतो की साधं ड्रिल त्यावर चालत नाही. मग टूल रूममध्ये स्पार्क इरोजनवर (ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या मशीनवर) काढावा लागतो. तशी मशीन्स इथल्या औद्योगिक वसाहतींत आहेत, काम स्वच्छ होतं, पण खर्च बोल्टच्या कितीतरी पट. तापवून सैल झालेल्या बोल्टला इझी-आउट ठीक, जाम बोल्टला नाही.

आटे थोडे गेले तर हेलिकॉइल (तारेच्या गुंडाळीचे नवे आटे) बसवता येतं. ब्रॅकेटच्या भोकाला ते चालतं, पण सेटबरोबरचंच ड्रिल, भोक काटकोनात, आणि काम मशीनवर. भोक तिरकं गेलं असेल किंवा कान तडकला असेल तर मात्र गॅरेजवाल्याचं बरोबर, नकल बदला. ब्रेकच्या कानावर वेल्डिंगची डागडुजी करू नका.

ब्लीडर निपल

याचा स्वभाव वेगळा. निपल पोकळ असतं, त्यामुळे ते पिळून तुटायला फार थोडा जोर लागतो. त्याचं टोक शंकूसारखं बैठकीवर बसतं आणि वर रबरी टोपी नसली तर भोकात पाणी साचून आटे वरच्या बाजूनेच गंजतात. आधी भोक बारीक तारेने साफ करा. मग भोकात बरोबर बसणाऱ्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा आत सरकवा, म्हणजे निपल दाबलं जाणार नाही. वरून हलक्या हातोडीचे ठोके, सहा कोनी गोटी, आणि दोन्ही दिशांना केसभर हालचाल. निपलला लांब टॉमी कधीच नको. सहा इंची रॅचेटवर मनगटाने जितका येतो तेवढाच जोर.

तापवायचं असेल तर कॅलिपर गाडीवरून काढून, पिस्टन आणि सील बाहेर काढून, ब्रेक ऑइल धुऊन मगच. सील आत असताना तापवलेला कॅलिपर गळणार. तुमचं चाक तसंही धरतंय म्हणजे कॅलिपर खोलावाच लागेल, तेव्हा हे वेगळं काम नाही. पिस्टन काढायला कॉम्प्रेसरची हवा वापरलीत तर समोर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि बोटं आत घालू नका. निपल तुटून आत राहिलं आणि बैठकीला ड्रिल लागलं तर तो कॅलिपर बाद धरा. बैठक खराब झाली की निपल कितीही आवळलं तरी ऑइल झिरपतं. मागच्या ड्रमच्या व्हील सिलिंडरबाबत तर विचारच करू नका, सिलिंडर नवा टाका. त्याचे मागच्या प्लेटचे बोल्ट सुटत नसतील तर ग्राइंडरने डोकी उडवा, जुना सिलिंडर फेकायचाच आहे. मागचा ड्रम धरून बसला असेल तर त्याच्या तोंडावरच्या दोन आट्यांच्या भोकांत एम८ चे बोल्ट आळीपाळीने आवळत जा, तो बाहेर ढकलला जातो.

ब्रेक पाइपच्या टोकाचा नट हाही असाच नाजूक. उघड्या पान्याने धरू नका, खाच असलेला फ्लेअर नटचा पाना घ्या. नट फिरताना पाइप बरोबर पिळला जातोय का ते बघत राहा. पिळला तर तो पाइप गेला असं धरून कापा आणि नवा टाका, ४.७५ मिमीचा पोलादी, दुहेरी फ्लेअर केलेला (टोक दुमडून पसरवलेला). फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी ब्रेकला लावायची नाही.

परत जोडताना

दोन्ही बोल्ट नवे. त्याच लांबीचे, डोक्यावर मूळ बोल्टवरचाच आकडा असलेले, ८.८ च्या जागी ८.८ आणि १०.९ च्या जागी १०.९. 'गंजत नाही' म्हणून स्टेनलेसचा बोल्ट टाकू नका. बाजारातल्या साध्या स्टेनलेस बोल्टची ताकद ८.८ पेक्षा कमी असते आणि त्याचे आटे एकमेकांत रुतून जाम होतात. भोकातले आटे बोथट केलेल्या टॅपने किंवा थ्रेड चेझरने साफ करा. धारदार टॅपने नको, तो चांगली धातूही खरवडतो.

बोल्टला तांब्याचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावायचं की निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव), यावर लोक भांडतात. मूळ बोल्टवर थ्रेडलॉकचे अंश असतील तर तेच लावा, तेही आट्यांत पाणी शिरू देत नाही. अँटी-सीझ लावलंत तर घर्षण कमी होतं आणि कोरड्या बोल्टसाठी दिलेला टॉर्क जसाच्या तसा लावला तर बोल्ट जास्त ताणला जातो. अँटी-सीझची खरी जागा हबच्या तोंडावर आहे, डिस्क आणि चाक जिथे टेकतं तिथे, पातळ. टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधला, आणि टॉर्क रेंचनेच. पाय देऊन आवळलेला बोल्ट पुढच्या वेळी पुन्हा हाच त्रास देतो.

गाइड पिनला सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, बेअरिंगचं नाही. निपलच्या फक्त आट्यांना, टोक सोडून, तेच ग्रीस थोडंसं, आणि वर रबरी टोपी. हवा काढून झाल्यावर पेडल कडक लागेपर्यंत दाबल्याशिवाय गाडी जागची हलवू नका. पॅड डिस्कपासून मागे गेलेले असतात, पहिल्या दोन दाबांत ब्रेक लागत नाही. गगनबावड्याकडे किंवा आंब्याच्या घाटात उतरण्याआधी सपाट रस्त्यावर भरपूर वेळा थांबून बघा.

मुळात चाक का धरत होतं ते मात्र बोल्टच्या नादात राहून जाईल. सगळं जोडून झाल्यावर चाक उचला, पेडल दाबून सोडा आणि हाताने फिरवा. अडकत असेल तर निपल पाव फेरा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब मागे अडकतोय. जुन्या गाडीत बहुधा रबरी होज आतून फुगून बंद झालेला असतो, बाहेरून तो चांगला दिसतो. दोन्ही बाजूंचे होज बदला. चाक तरीही मोकळं झालं नाही तर पिस्टन किंवा गाइड पिन धरतेय. पिन हाताने आतबाहेर सरकली पाहिजे, आणि पिस्टनवर गंजाचे खड्डे नखाला लागत असतील तर नुसतं सील किट टाकून तो पुढचा पावसाळा काढणार नाही. पिस्टनही नवा घ्या.